ठोकलेली गाडी

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर उभ्या मोटारसायकलींच्या नंबरप्लेटी वाचत गेलं, की जिल्ह्याचं अलीकडचं सगळं घडलेलं त्यांवर दिसतं. जुन्या गाड्यांवर एपी ०१, २०१४ साली तेलंगण वेगळं झाल्यानंतरच्यांवर टीएस ०१, २०२४ पासून टीजी ०१. आणि मधूनच एखादी एमएच २९, पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातली. त्या गाडीपाशी मी हल्ली जरा जास्त वेळ थांबतो.

ठोकलेली गाडी आपल्याच गावात विकणं अवघड असतं. कुठल्या वळणावर पडली, मागे कोण बसलं होतं, दवाखान्यात कोणाला नेलं, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक. म्हणून गाडी नदी ओलांडते. इकडे भाषा तीच, सोयरेही तेच, पण बातमी पुलावरून येत नाही. इकडची गाडी तिकडे जाते तीही याच कारणानं. गाडी पोचते, हकीकत मागे राहते.

भाच्यानं पाहिलेली गाडी अशीच पलीकडची होती. टाकी चकचकीत, मडगार्ड नवं, किंमत बाजारापेक्षा कमी. "मामा, नव्यासारखीच आहे," तो म्हणाला. बारा महिने कापसाच्या शेतात राबून आलेला पैसा होता तो. म्हणून मी सोबत मिस्त्रीला घेतलं.

मिस्त्रीनं टाकीकडे पाहिलंच नाही. हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं, मग उजवीकडे. एका बाजूला ते थोडं जास्त जात होतं. चेसीवरचा अडणीचा तुकडा दबलेला होता. मग त्यानं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून धरली. ती मागच्या टायरला दोन ठिकाणी टेकली, पुढे मात्र एका बाजूनं फट राहिली. शॉकअपच्या पाइपावर बोट फिरवून त्यानं मला दाखवलं: ऑइल सीलच्या खाली तेलाची बारीक ओल. वाकलेला पाइप प्रेसमध्ये घालून सरळ केला, की सील असं गळत राहतं, आणि एकदा वाकून सरळ झालेलं लोखंड पुन्हा तेवढंच बळ देईल याची खात्री नसते. शेवटी त्यानं हँडलच्या मुळाशी चेसीवर बॅटरी मारली. पेंटला सुरकुती नव्हती, वेल्डिंग नव्हतं, नंबर आरसीशी जुळत होता. "चेसी शाबूत आहे. पाइप आन् हँडलची टी गेले," तो म्हणाला. चेसी गेली असती तर त्यानं गाडी तिथंच सोडायला लावली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

विकणाऱ्याला मी विचारलं, "भाऊ, चालवणाऱ्याला काय लागलं होतं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "धाकटा भाऊ होता माझा. रात्री हायवेवर कापसाची बैलगाडी दिसली नाही. गुडघा गेला. वाचला."

हा प्रश्न आपण विचारत नाही. चेसी, इंजिन, टायर, कागद सगळं विचारतो, माणूस राहून जातो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्या अपघातांतल्या किती गाड्या रंग लावून पुन्हा रस्त्यावर आल्या असतील! आरसीवर आधीचे मालक किती हे कळतं, कर्जाची नोंद दिसते. अपघाताची नोंद मात्र नसते. पोलिसांकडे पंचनामा असतो, विमा कंपनीकडे क्लेमची फाइल असते, आणि ज्याचं पोरगं त्या गाडीवर बसणार त्याच्या हाती काहीच नसतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं. अपघात झालेली गाडी घेणं वाईट नाही. गरिबाला तीच परवडते, आणि नीट दुरुस्त केलेली ती वर्षानुवर्षं चालतेही. लपवाछपवी वाईट.

भावाची हकीकत सांगून झाल्यावर त्या माणसाचा आवाज मोकळा झाला. भाव त्यानं स्वतःहून उतरवला. पाइप आणि टी नवेच घालायचे, प्रेस केलेले नाहीत, हे मिस्त्रीनं तिथंच ठरवलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. यवतमाळच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, विकणाऱ्यानं आणून द्यायची, मग इकडे तेलंगणाचा कर भरून नवा नंबर. नाव बदलायला त्यालाही घाई होती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की गाडी विकली असली तरी आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. एक अपघात भोगलेल्या घराला दुसऱ्याचं ओझं नको होतं. एनओसी येईपर्यंत गाडी मिस्त्रीकडेच राहील आणि थोडे पैसे आमच्याकडे, असं ठरलं. भाचा जरा हिरमुसला, पण थांबला.