टँगऱ्याची साधी खानावळ

संध्याकाळ झाली की आपल्या वस्तीच्या नाक्यावर चायनीजची गाडी लागते आणि पोरे वर्गणी काढून हक्का नूडल्स खातात. हक्का हे मसाल्याचे नाव असावे, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. हक्का ही माणसे आहेत. मूळची दक्षिण चीनमधली. त्या नावाचा अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’. ही पाहुणी माणसे कोलकात्याच्या पूर्वेला टँगरा भागात वसली. बोधगयेला महाविहारात वंदना करून आम्ही दोन कुटुंबे कोलकात्याला उतरलो, तेव्हा तिथे जेवायचेच असे ठरवले.

टँगऱ्यात अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना उंच राखाडी भिंती आणि लोखंडी दरवाजे. लाल कंदील लावलेली मोठी थंडगार हॉटेलेही आहेत. ती आम्ही बाहेरूनच पाहिली! आतल्या गल्लीत पाच टेबलांची एक खानावळ सापडली. प्लास्टिकची स्टुले, भिंतीवर पूर्वजांचे फोटो, पुढे उदबत्ती. मालकीणबाई स्वतः कढईपुढे उभ्या. चेहरा चिनी, पण हिंदी अशी सफाईची की आमचीच हिंदी कच्ची ठरावी.

नूडल्स आधीच उकडून, तेल चोळून परातीत पसरलेले होते. गिऱ्हाइकाने सांगितले की भडकत्या आगीवर कढई, तीत अंडे, कोबी, कांद्याची पात, डुकराच्या मटणाच्या बारीक पट्ट्या आणि शेवटी नूडल्स. दोन मिनिटांत ताट समोर. आपल्या गाडीवरचा लालभडक रंग नाही, शेजवान चटणीचा मारा नाही. चव लागते ती पिठाची आणि किंचित धुराची. सोबत सिरक्यात मुरलेल्या हिरव्या मिरच्या. मुलांनी काड्यांशी थोडी झटापट केली आणि मग मुकाट्याने चमचे मागितले. आमच्या महिला मंडळींनी कृती विचारून घेतली. बाईंचे म्हणणे एकच, आग मोठी पाहिजे.

पण त्या उंच भिंती हॉटेलांसाठी बांधलेल्या नाहीत. इथे कातडी कमावण्याचे कारखाने होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हक्का कुटुंबांनी या दलदलीच्या जमिनीवर ते उभारले. कातड्याचा विटाळ मानणाऱ्या वरच्या जातींनी या धंद्याकडे पाठ फिरवली होती. चिन्यांना असला विटाळ ठाऊक नव्हता. बायकामुलांसकट सगळे घर राबले, नातलगांनी पैसा पुरवला आणि ते मालक झाले. कारखान्यात राबणारे मजूर मात्र बरेचसे बिहारचे चर्मकार. पिढ्यान्‌पिढ्या हे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांच्या हाती मजुरीच राहिली. जेवता जेवता हा हिशेब आम्हाला टोचत होता.

मालकांनाही सुख लाभले असे नव्हे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना, त्यात आसाम आणि उत्तर बंगालमधली पुष्कळ, लेकराबाळांसह खटल्याशिवाय राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले होते. पुढे टँगऱ्यातली कितीतरी घरे कॅनडाला निघून गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणापायी हे कारखाने बानतल्याला हलवण्याचा आदेश दिला. जुन्या काही शेडमध्ये आता जेवणावळी उठतात.

शेजारच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ सूप पीत होते. छपऱ्याकडचे. सारा जन्म कातड्यात गेला, म्हणाले. नखे अजून तपकिरी होती. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो, तशी त्यांनी आमच्या वाडवडिलांची चौकशी केली. आम्ही सांगितले की वडील गिरणीत होते, आजोबा गावात मेलेली ढोरे ओढत. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, आणि पुढे आमच्या लोकांनी ढोरे ओढणेही टाकले.

“टाकले? मग खाल्ले काय?” चाचांनी विचारले.

“पहिली दोन वर्षे अर्धपोटी काढली, असे आजी सांगायची.”

चाचा काही बोलले नाहीत. मिरच्यांची वाटी त्यांनी आमच्याकडे सरकवली. तिकडे मालकीणबाई उकडलेल्या नूडल्सचा नवा घाणा परातीत पसरत होत्या.