गुण नसलेला सामना

मेलबर्नच्या पश्चिमेचे फुटस्क्रे हे जुने कारखान्यांचे, कामगारांचे उपनगर. मुलाकडे गेलो असताना फेब्रुवारीत तिथल्या व्हिटन ओव्हलवर वेस्टर्न बुलडॉग्जचा सराव सामना पाहिला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एका बाजूला १८ खेळाडू असतात. चेंडू लांबट, मधल्या दोन खांबांतून पायाने मारला तर ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १.

सराव सामन्याचे गुण स्पर्धेत धरत नाहीत, तरी माणसे मुलाबाळांसह आली होती. शेजारचे आजोबा गुणफलकाकडे बघतच नव्हते. दुखापतीतून परतलेला गडी वळताना पाय जपतो का, नवा पोरगा चेंडू गमावल्यावर उलट धावतो का, याकडेच त्यांचे लक्ष. आपल्या बेळगावकडे तालमीत जुने वस्ताद पोरांचा दम जोखतात, अगदी तसे!

यामागे कारण आहे. १९८९ मध्ये हा क्लब कर्जात होता. फिट्झरॉय क्लबमध्ये त्याचे विलीनीकरण होणार होते. तेव्हा इथल्या लोकांनी डबे फिरवून पैसे जमवले आणि क्लब वाचवला. त्यांत हे आजोबाही होते. १९५४ नंतरचे विजेतेपद मात्र थेट २०१६ मध्ये मिळाले, ६२ वर्षांनी!

सामना बुलडॉग्ज हरले. नातू हिरमुसला. आजोबा म्हणाले, "शेवटच्या सत्रात मागची फळी दमली. पण तो नवा पोरगा टिकेल." मग नातवाचा लाल-पांढरा-निळा मफलर नीट करत त्यांनी पुढच्या सामन्याची तारीख विचारली.