राणीचे नृत्य, कैद्याचे संगीत

१/
सन १५९३. हेगच्या कारागृहात पीटर फिलिप्स नावाचा एक इंग्रज संगीतकार चौकशीच्या निकालाची वाट पाहत होता. आरोप भयंकर होता : राणी पहिली एलिझाबेथ हिच्या हत्येचा कट. याच बंदिवासात त्याने दोन नृत्यरचना केल्या, असे मानले जाते.

होय, नृत्यरचना.

२/
फिलिप्स कॅथलिक होता. प्रोटेस्टंट इंग्लंड त्याने १५८२ मध्ये सोडले. पुढे रोम, मग परागंदा सरदार लॉर्ड पॅजेटची चाकरी आणि अखेर अँटवर्प. तेथे मुलांना वादन शिकवून तो उपजीविका करी. १५९३ मध्ये तो अॅमस्टरडॅमला एका थोर वादकाला, बहुधा स्वेलिंकला, ऐकण्यासाठी गेला. परतीच्या वाटेवर एका देशबांधवाच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली.

३/
त्या दोन रचना म्हणजे 'पॅव्हाना दोलोरोसा' आणि तिच्या जोडीची गॅलियार्ड. पॅव्हान हे दोन मात्रांचे संथ, मिरवणुकीसारखे नृत्य. गॅलियार्ड तीन मात्रांचे, उड्यांचे. ही जोडी जुनी होती. १५३१ मध्ये पॅरिसचा मुद्रक अतेन्यां याने कळफलकाच्या वाद्यांसाठी अशी नृत्ये छापली, तेव्हा त्यांच्यावर खरोखर पावले टाकता येत. फिलिप्सच्या पिढीपर्यंत मात्र त्यांचे रूप पालटले.

४/
याचे एक कारण वाद्यातच आहे. व्हर्जिनलमध्ये कळ दाबली की पिसाच्या कण्याचा तुकडा तार छेडतो आणि नाद क्षणात विरू लागतो. संवादिनीसारखा भात्याचा आधार त्याला नाही. दीर्घ स्वर जिवंत ठेवायचा, तर वादकाला तेथे बारीक, द्रुत स्वरावली भरावी लागते. म्हणून प्रत्येक खंडाची पुनरावृत्ती नक्षीदार होत गेली. नर्तक मागे पडले, श्रोता उरला. 'दोलोरोसा' म्हणजे शोकमग्न. अर्धस्वरांनी सरकणाऱ्या तिच्या ओळींवर कोणी नाचले असेल, असे वाटत नाही.

५/
आता दुसरी बाजू. जिच्या हत्येचा आळ होता, ती राणी स्वतः व्हर्जिनल वाजवीत असे. १५६४ मध्ये स्कॉटिश दूत मेलव्हिलने ते ऐकले होते. १५८९ च्या एका दरबारी पत्रानुसार, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीही ती सकाळी सहा-सात गॅलियार्ड नाचत असे. धर्माने परस्परांचे वैरी ठरवलेल्या या दोघांचे वाद्य एक होते, नृत्यही एक.

६/
पुराव्याअभावी फिलिप्स सुटला. १५९७ पासून तो ब्रसेल्सला आर्चड्यूक आल्बर्टच्या सेवेत होता; १६२८ मध्ये वारला.

७/
त्याचे संगीत मात्र इंग्लंडला पोहोचले. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील, सुमारे ३०० रचनांच्या हस्तलिखितात ही पॅव्हान १५९३ या सालासह आहे. शीर्षकापाशी 'ट्रेग.' अशी खूण दिसते. ती ट्रेजियन या दुसऱ्या कॅथलिक घराण्याची समजली जाते. त्याच घराण्यातील फ्रान्सिसने हे सारे हस्तलिखित लंडनच्या फ्लीट तुरुंगात बसून उतरवले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अलीकडच्या अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत.