विमानाचा एक तास

नंदुरबार ते नागपूर किती लांब? गेल्या अशोक विजयादशमीपासून आमच्या घरात हाच विषय होता.

आमच्या आईचा जन्म मिरचीच्या पथारीवर गेला. उकिडवे बसून मिरचीचे देठ खुडता खुडता तिचे गुडघे गेले. धम्मचक्र प्रवर्तनदिनी एकदा दीक्षाभूमीवर जायचे, एवढीच तिची इच्छा. गेल्या वर्षी आम्ही तिला घेऊन स्टेशनवर गेलो. जनरल डबा आधीच खच्चून भरलेला. तिला वर चढवणे आम्हांला जमले नाही. गाडी गेली आणि आई फलाटावरून घरी परतली. वाटेत एक शब्द बोलली नाही.

म्हणून यंदा ठरवले, आईला विमानाने न्यायचे. आम्ही दोघांनी मजुरीतून भिशी लावली. थोरला मुलगा आय.टी.आय.ला शिकतो. तो वही घेऊन हिशेबाला बसला. नकाशावर सरळ रेघ ओढली तर नंदुरबार ते नागपूर साधारण ५०० किलोमीटर. विमानाला तासाभराचे काम. ऐकून आम्ही हरखून गेलो.

पण विमानात बसायचे कुठे? १९९८ साली नंदुरबार जिल्हा झाला, तरी प्रवासी विमान इथून उडत नाही. सुरतेला जावे तर ते १६० किलोमीटर उलट दिशेला. मुंबईहून जावे तर आधी रात्रभर रेल्वे, मग विमानतळावर दोन तास आधी हजर, मग दीड तासाचे उड्डाण. पोराने बेरीज केली, ती तेरा-चौदा तासांवर गेली. उलट अहमदाबादहून हावड्याला जाणारी गाडी नंदुरबारहून भुसावळ, अकोला, बडनेरा करीत पावणेसहाशे किलोमीटर कापते आणि नऊ-दहा तासांत नागपूरला पोचवते.

आम्ही म्हटले, "आई, महिन्याभराने जाऊ. गर्दी नसेल. स्तूप काय कुठे पळून जातो?"

आई म्हणाली, "स्तूप राहील रे. पण मला त्या दिवशीची माणसं बघायची आहेत."

आम्ही गप्प झालो. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. लोक मात्र मिळेल त्या वाहनाने आणि पायी आले. १४ तारखेला सारे एकाच मैदानावर होते. आईला तेच पाहायचे होते. विमानाचा हट्ट आमचाच होता.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. आम्ही पहिल्याच दिवशी रांग धरली. दोन दिवस आधीची गाडी, आईला खालचा बर्थ. भिशीतले पैसे उरले, त्यात शेजारच्या आत्याबाईंचेही तिकीट काढले. त्याही गेल्या वर्षी फलाटावरूनच परतल्या होत्या.

बंधूभगिनींनो, आपल्या घरीही अशी थकलेली माणसे असतील. त्यांचे तिकीट वेळेवर काढा. जयभीम!