कल्याणच्या लोहाराची वाट

कल्याणच्या कोळसेवाडीतल्या आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चाले. वाचायचे आमच्या चाळीतले काका. लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. १९५७ साली, बाबासाहेब आंबेडकरांच्या पश्चात निघालेल्या त्यांच्या या ग्रंथाच्या सुरुवातीलाच प्रश्न आहे: २९ वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे कसं पटावं? म्हणून तिथे तो घर सोडतो ते शाक्य-कोलियांमधल्या रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यामुळे. काका इथे हमखास थांबत. “म्हातारपण बघून पळून जायचं नसतं बाबा.”

माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा काका रोज यायला लागले. हगवणीने पडलेल्या, सोबत्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाला घेऊन स्वतः धुतलं, ही विनयपिटकातली गोष्ट त्यांनी मला वडिलांची कूस बदलता बदलता सांगितली. मळलेली चादर माणसाला न उचलता कशी काढायची, माकडहाड आणि टाचा रोज का बघायच्या, हे काकूंच्या आजारपणात ते शिकले होते. ते सगळं त्यांनी मला दिलं. एकदा खालच्या आवाजात म्हणाले, “त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नकोस. त्यांच्याशी बोल.” एवढ्या एका वाक्याचं ऋण माझ्या हातून आयुष्यभर फिटणार नाही.

वडील गेल्यावर त्यांनी मला कान्हेरीची लेणी बघायला नेलं. बाकीचे लोक मूर्ती बघत होते, काका झिजलेल्या पायऱ्यांवरून हात फिरवत होते. “बेअरिंगची झीज बघितली की भार कुठं होता ते कळतं.” वडिलांची वाकडी झालेली बोटं मला त्या दिवसापासून देखणी वाटतात.

कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिलं, नंद लोहाराने वाट. काकांचा जीव लोहारावर. आपल्या गावचा आणि आपल्यासारखाच हातांनी लोखंड घडवणारा माणूस, असं ते अभिमानाने सांगत.

पुढे त्यांचे गुडघे धरले. मी तेल चोळायला गेलो की पाय ओढून घ्यायचे. “मला मुलं-सुना आहेत. खालच्या आजींना कोण आहे?” मी आजींकडे जायला लागलो, तो तेव्हापासून.