वांकिडीच्या चुलीवरील चिनी सार

चंद्रपूर सोडून बल्लारपूरमार्गे राजुऱ्याकडे निघालेल्या प्रवाशास वर्धा नदी ओलांडावी लागते. राजुरा मागे पडल्यावर लक्कडकोटपर्यंत कापूस, तूर आणि सोयाबीन यांची काळीभोर शेते व मधूनमधून सागाची झाडी रस्त्याला सोबत करतात. मग पाट्यांवरील अक्षरांना एकाएकी वाटोळा आकार येतो आणि आपण तेलंगणात प्रवेश केल्याचे कळते. कानांना मात्र तो फरक जाणवत नाही. वांकिडीच्या बाजारात दुकानावरची पाटी तेलुगूत आणि दुकानातील घासाघीस मराठीत, असा प्रकार सर्रास आढळतो. भोवतालच्या पाड्यांवरून आलेली गोंड आणि कोलाम मंडळी त्यांत आपल्या बोलीची भर घालतात ती निराळीच.

या गावाने जागा न सोडता जितकी राज्ये पाहिली तितकी पुष्कळशा प्रवाशांनीही पाहिली नसतील. सप्टेंबर 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. पुढे हैदराबाद राज्य आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार रचना झाली तेव्हा शेजारचा राजुरा आणि पलीकडचा किनवट हे मुलूख आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले. वांकिडी आंध्र प्रदेशात राहिली. 2 जून 2014 पासून ती तेलंगणात आहे, आणि जिल्ह्याचे नावही आदिलाबाद न राहता 11 ऑक्टोबर 2016 पासून कुमुरम भीम आसिफाबाद असे झाले आहे. ज्यांच्या घरी आम्ही दोन रात्री उतरलो त्या घरातील आजींनी यांपैकी बहुतेक स्थित्यंतरे त्याच ओसरीवर बसून पाहिली होती. त्याविषयी विचारले असता त्या म्हणाल्या, “राज्य बदलते बापा, पाणी भराले तं मलेच जा लागते.”

आजींना ताप येऊन गेला होता. ताप उतरला, परंतु अन्नावरची वासना गेली ती परत येईना. पंधरा दिवस त्या पेज आणि मुगाच्या कढणापलीकडे काही घेत नव्हत्या, आणि तेही चार घोटांनंतर बाजूला सारीत. सून मंचेरियालकडची, माहेर तेलुगू. तिला घरातील मराठी समजे, पण बोलताना ती अडखळे. सासूने ताट परत केले की आपल्याच हाताला चव नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. नात हैदराबादेस परिचारिकेचे शिक्षण घेत होती. ती सुट्टीत आली तेव्हा तिने पिशवीतून काळ्या रसाची एक बाटली काढली आणि जाहीर केले की, आज आजीसाठी चिनी करंज्यांचे सार करायचे. आजींनी ती बाटली उजेडात धरून पाहिली व दूर ठेवून दिली.

आता हे चिनी सार म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे; कारण आपल्याकडे गाड्यांवर जे लालभडक व दाट सूप मिळते त्याचा आणि याचा संबंध फार थोडा आहे. पातळ पारीत खिमा भरून, ती मिटून, उकळत्या पाण्यात शिजवायची आणि स्वच्छ सारात सोडायची, एवढेच ते. उत्तर चीनमध्ये यास हुनतुन म्हणतात. दक्षिणेच्या ग्वांगडुंग प्रांतात वानतान म्हणतात, आणि तेथे हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘ढग गिळणे’ असा होतो. तुर्फानजवळील अस्ताना येथील थडग्यांत थांग राजवटीच्या काळातील अशा पुरण भरलेल्या पाऱ्या वाळलेल्या स्थितीत सापडल्या आहेत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ ही कृती चालत आली आहे. इटलीतील बोलोन्या येथे नाताळच्या दिवशी खिमा भरलेल्या इवल्याशा तोर्तेलिनी सारात घालून वाढतात. आपण त्याच सणाला करंज्या तळतो, ते उकडतात.

भारतात हे अन्न ग्वांगडुंगच्या लोकांनीच आणले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळ त्यांची पहिली वसाहत झाली. त्या शहराच्या तिरेट्टा बाजारात रविवारी भल्या पहाटे करंज्या आणि सार यांची विक्री होते. मुंबईत माझगाव येथेही त्यांची वस्ती होती. 1919 साली बांधलेले त्यांचे देऊळ तेथे आहे. 1962 च्या युद्धानंतर आसाम, बंगाल इत्यादी भागांतील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत मुले होती, म्हाताऱ्या होत्या. कित्येकांचा जन्म याच भूमीवरचा. काहींची सुटका व्हायला 1967 उजाडले, आणि सुटून आलेल्यांपैकी अनेकांनी देश सोडला. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी ‘चायनीज’ची गाडी उभी असते, ज्यांच्या चुलीवरून हे अन्न आले त्यांची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

वांकिडीच्या स्वयंपाकघरात प्रश्न आला तो पिठाचा. सुनेला ज्वारीच्या पिठाची पारी करून पाहावीशी वाटली, कारण घरात तेच मुबलक होते. परंतु ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. तिला उकळते पाणी घालून मळले तरी भाकरी थापता येते, कागदासारखी पारी लाटता येत नाही. ती दुमडताच फाटते. म्हणून अर्धा मैदा व अर्धी कणीक घेतली, आणि कणीक मलमलीतून दोनदा चाळली, कारण कोंड्याचे कण पारीला भोके पाडतात. पाव किलो पिठास एक अंडे, अर्धा चमचा मीठ आणि लागेल तसे थंड पाणी. पीठ पुरीच्या पिठाइतके घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. ही विश्रांती चुकवू नये, नाहीतर लाटलेली पारी पुन्हा आखडते.

तोवर कोंबडीची हाडे, आले आणि कांद्याची पात दोन लिटर पाण्यात मंद विस्तवावर चढली होती. वर येणारा फेस काढीत राहिले आणि सार खळखळून उकळू दिले नाही, तर ते दीड तासाने पाण्यासारखे नितळ उतरते. पाव किलो खिम्यात किसलेले आले, बारीक पात, मिरपूड, मीठ आणि त्या बाटलीतील एक चमचा रस घातला. दोन चमचे पाणी घालून खिमा एकाच दिशेने घोटल्यास तो चिकट होतो आणि शिजल्यावर मऊ राहतो. उपवासकाळात किंवा शुक्रवारी करावयाचे झाल्यास कोबी व अळिंबी चालतील. मात्र कोबीला मीठ लावून त्याचे पाणी पिळून काढावे. चिनी लोक भाजलेल्या तिळाचे तेल वापरतात. येथे सुनेने तीळ तव्यावर भाजून कुटले, आणि घरभर असा वास सुटला की ओसरीवरून आजींनी “काय भाजतेस वो?” म्हणून विचारले. पंधरा दिवसांत स्वयंपाकाविषयी त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

बाटलीतील रसाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो सोयाबीन आणि गहू आंबवून, मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवून करतात. यजमानांच्या शेतात सोयाबीन होते. दरवर्षी ते पोत्यांनी विकतात, आणि त्याचा असा काही रस होतो हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले. आजींचा त्या काळ्या बाटलीवरील राग यानंतर बराच निवळला.

चार बोटे रुंदीचे चौकोन कापून, मध्ये छोटा चमचाभर खिमा ठेवून, कडांना पाणी लावून ते त्रिकोणी मिटले आणि दोन टोके एकमेकांवर दाबली. पाऱ्या साध्या पाण्यातच उकळाव्यात, सारात नव्हे. पिठामुळे सार गढूळ होते. त्या वर तरंगू लागल्यावर आणखी दोन मिनिटे ठेवाव्यात आणि एक फोडून आतला खिमा पूर्ण शिजल्याची खात्री करावी.

आजींनी वाटी हातात घेतली, सार प्यायल्या, एक पारी चावून खाल्ली आणि नातीला म्हणाल्या, “हे तं वरणफळच होय, पोरी. डाळ टाकाचीच राह्यली.”

हा शेरा चुकीचा नव्हता. तुरीच्या पातळ वरणात कणकेचे तुकडे शिजवून केलेली वरणफळे येथे घरोघर होतात. मराठवाड्यात कुळथाच्या पिठाची शेंगोळी अशीच रश्श्यात शिजतात. सुनेने वरणफळे आजवर केली नव्हती. तिच्या माहेरी तो प्रकार नाही. आजींनी तिला पाटाशेजारी बसवून कणीक किती जाड लाटावी आणि फोडणीत लसूण केव्हा घालावा हे सांगितले. अडलेला शब्द त्या तेलुगूत सांगत. इतके तेलुगू त्यांना येते, हे सुनेला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठ-दहा पाऱ्या आजींच्या हुकुमावरून वरणात पडल्या. नातीला ते मुळीच पसंत पडले नाही. आजींनी दोन वाट्या घेतल्या.