बावीस मिनिटांचा टीव्ही

आमच्या घरात सध्या रोज एकच भांडण असतं, टॅबवरून. माझा पाच वर्षांचा भाचा टॅबशिवाय घास घेत नाही, वहिनी चिडते, आणि मी गप्प बसते. मुलांचा स्क्रीन टाइम कसा कमी करावा यावर पैसे घेऊन लेख लिहिणाऱ्या आत्यानेच तो टॅब आणून दिलाय, काय बोलणार!

परवा आजी म्हणाली, "आमच्या शाळेत टीव्ही बावीस मिनिटंच असायचा." मला वाटलं, गंमत करतेय.

तुम्हाला ठाऊक आहे का, १ ऑगस्ट १९७५ पासून बरोबर एक वर्ष, नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून आपल्याकडच्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट टीव्ही दिसत होता? 'साइट' नावाचा तो प्रयोग. इस्रोने जमिनीवरची यंत्रणा उभारली. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या गावांमध्ये आमच्या दुर्ग जिल्ह्यातलीही होती. आजी तिथल्याच एका शाळेत शिकवायची, तेव्हा ती माझ्याच वयाची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटरची छत्री शाळेबाहेर उभी होती म्हणे. संध्याकाळी शेती, आरोग्य असं मोठ्यांसाठी. सकाळचा दीड तास मुलांचा, पण तो चार भाषांत वाटलेला. हिंदीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं!

पण कार्यक्रम व्हायचा दिल्लीच्या हिंदीत आणि पोरं बोलायची छत्तीसगढी. निम्मं डोक्यावरून जायचं. "टीव्ही बंद झाला की माझा तास सुरू," आजी म्हणाली. नागपूरची मुलगी, स्वतःच तिथे नवी. मुलं तिला शब्द शिकवायची, ती मुलांना विज्ञान.

३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला. ऑगस्टमध्येही मुलं काही दिवस त्या काळ्या पडद्यासमोर येऊन बसायची. १९७७ मध्ये रायपूरला दूरदर्शनचं ट्रान्समीटर आलं, पण तोवर आजीची बदली झाली होती.

काल रात्री ती भाच्याशेजारी बसून अख्खं कार्टून बघत होती. संपल्यावर टॅब उलटा ठेवला आणि विचारलं, "तो हत्ती का रे रडला?"

भाचा घास तोंडात धरून विचारात पडला. मग म्हणाला, "पणजी, थांब. परत बघून सांगतो."